बायकोची बोटं

मी बायकोवर जळतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी मला समजूतदार नवरा वगैरे समजायला नको. नवरा-बायकोत कसली आलीय असूया, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या घरात दोन टायपिस्ट आणि एकच कॉम्प्युटर नसावा.

टायपिंग मी परभणीला शिकलो, लोखंडी मशीनवर. जिंतूरहून सकाळच्या एसटीनं जायचं आणि तासभर खडखडाट करून परत यायचं. आमचे सर बोलायचे कमी आणि बघायचे जास्त. पोरं बटनांकडे बघतात म्हणून त्यांनी प्रत्येक मशीनला एक पंचा बांधून ठेवला होता. हात त्या पंच्याखाली घालायचे आणि समोरच्या कागदावर नजर ठेवायची. मनगट खाली टेकलं की लाकडी पट्टी बसायची. अक्षर उमटवायला बोटानं अक्षरशः मारावं लागे आणि करंगळीचे तर हालच व्हायचे. त्या हालांतून मी मिनिटाला चाळीस शब्दांची मराठीची परीक्षा पास झालो. ते सर्टिफिकेट फ्रेम करून अजून दुकानात लावलेलं आहे. गिऱ्हाइकाला दिसेल अशा बेतानं लावलंय, हेही कबूल करतो.

दुकान म्हणजे तहसीलच्या रस्त्याला पत्र्याचा एक गाळा, मागच्या बाजूला आमचं घर. अर्ज, करारनामे, पीकविमा, शिष्यवृत्ती, दाखले, सगळं चालतं. कॉम्प्युटर आला तेव्हा त्यावरही मी मशीनचीच पद्धत लावून घेतली. टाइपरायटरवर जिथे जे अक्षर होतं तिथेच कीबोर्डवर. बोटांना एकदा जे घर दाखवलं ते का बदलायचं? कीबोर्डही मला जाडजूड, उंच बटनांचा, खट्ट वाजणारा लागतो. बटन दबलं की नाही हे कानाला कळलं पाहिजे. मारून मारून माझा कीबोर्ड वर्षभरही टिकत नाही. आधी डाव्या बाजूची अक्षरं पुसली जातात, मग एखादं बटन खाली बसतं ते वर येत नाही.

बायको येलदरीकडची. माहेरी शेती, आणि लहानपणापासून कापूस वेचायची सवय. वेचणीला बाईमाणूस दोन्ही हातांनी वेचतं, गप्पा मारत, बोंडाकडे न बघता. आम्ही पुरुष एका हातानं वेचतो आणि तरी काटे टोचून घेतो. आमच्या शेतात ती पहिल्यांदा वेचणीला उतरली तेव्हा तिच्या पाताला, म्हणजे तिच्या ओळींच्या बरोबरीला, कुणी लागलं नाही. तेव्हा मला अभिमान वाटला होता. तेच हात पुढे माझ्या दुकानात येतील असं तेव्हा कुठे माहीत होतं.

बी.ए. तिचं लग्नाआधीच झालेलं. घरी बसून काय करायचं म्हणून ती दुकानात यायला लागली आणि मी मोठ्या मनानं म्हणालो, ये, तुला टायपिंग शिकवतो. दोन दिवस तिनं ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी कुठून तरी एक छापील तक्ता आणला आणि घरी आरशाशेजारी चिकटवला. इनस्क्रिप्ट. काना-मात्रा-वेलांट्या सगळ्या डाव्या हाताला, क-ख-ग सगळी उजव्या हाताला. मी हसलो. म्हटलं, ही शाळेतल्या लेकरांची पद्धत आहे, कामाची नाही. वेणी घालताना ती तो तक्ता बघायची आणि भाकरी थापताना तोंडानं अक्षरं म्हणायची.

आमच्या दोन पद्धतींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझ्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, हातानं लिहितो तशी. तिच्या पद्धतीत आधी अक्षर आणि मग वेलांटी, तोंडानं बोलतो तशी. यावरून आमची जेवढी भांडणं झाली तेवढी सासू-सुनेचीसुद्धा झाली नसतील. कॉम्प्युटर एक, कीबोर्ड दोन, आणि दोघांनी आळीपाळीनं बसायचं. पद्धत बदलायला दोन बटनं एकदम दाबावी लागतात. ती उठून गेली आणि मी ते विसरून बसलो की पडद्यावर भलतंच काहीतरी उमटायचं आणि समोरचं गिऱ्हाईक ते भक्तिभावानं वाचायचा प्रयत्न करायचं. मग मी तिच्या नावानं ओरडायचो. ती आतून सांगायची, दोन बटनं दाबा.

तिचा कीबोर्ड चपटा, मऊ, आवाज न करणारा. तो ती मांडीवर घेते. खुर्चीवर चक्क मांडी घालून बसते, मांडीवर उशी आणि उशीवर कीबोर्ड. सरांनी हे पाहिलं असतं तर पट्टीचे दोन तुकडे झाले असते. मी म्हणालो, ही काय बसायची रीत आहे? ती म्हणाली, पाठ दुखत नाही. माझी पाठ दहा वर्षं दुखते आहे. मनगटं अधांतरी धरून धरून उजवी करंगळी सकाळी बधिर असते. पण रीत ती रीत.

सुरुवातीला ती हळू होती आणि मी सुखी होतो. वर्षभरात तिची बोटं चालायला लागली. आवाज नाही, घाई नाही, डावा-उजवा, डावा-उजवा. मी चार ओळी खडखडवून मागे दुरुस्तीला फिरायचो तोवर तिचं पान संपलेलं असायचं. मी आत बसून तिच्या पानांत चुका शोधायचो. गिऱ्हाईक गेल्यावर, कुणी नसताना. एखादा राहिलेला अनुस्वार सापडला की दिवस चांगला जायचा.

एकदा पिंपरीकडचे एक म्हातारबाबा वाटणीपत्र टाइप करायला आले. मी खुर्ची पुढे ओढली, कीबोर्ड पुसला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बाकावर बसकण मारली. "वैनी कवा येत्याल?" म्हणाले. मी म्हटलं, मी आहे की. तर म्हणाले, "असू द्या. मी थांबतो." आणि खरंच तासभर थांबले. तो तासभर मी त्यांच्यासमोर बसून उगीचच एक जुना अर्ज पुन्हा टाइप करत होतो, जोरजोरात.

मग ती परीक्षा आली. लिपिक-टंकलेखकाची. मी ती तीनदा देऊन तीनदा पडलो होतो आणि वयाच्या हिशेबानं ही माझी शेवटची खेप होती. तिनं पहिल्यांदाच दिली. लेखीत दोघंही पास झालो. तिचे गुण माझ्यापेक्षा जास्त होते, किती ते मी सांगणार नाही. आता राहिली होती टायपिंगची चाचणी, आणि त्यासाठी आधी ऑनलाइन पसंती भरायची होती की चाचणी कोणत्या पद्धतीनं देणार. टाइपरायटर की इनस्क्रिप्ट.

फॉर्म भरणं हा माझा धंदा. आमच्या दुकानात एक शिस्त आहे. फॉर्म भरून झाला की पाठवण्याआधी शेवटचं पान मी गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवतो. नाव, जन्मतारीख, जात, पत्ता, एकेक ओळ. गिऱ्हाईक प्रत्येक ओळीला "व्हय" म्हणतं आणि मगच मी शेवटचं बटन दाबतो. कारण एकदा गेलेला फॉर्म परत येत नाही. तहसीलच्या रस्त्यावर माझं नाव झालं ते याच शिस्तीमुळे.

त्या दिवशी आधी मी माझा फॉर्म भरला, मग तिचा. ती पाठीमागे उभी राहून ओल्या हातांनी पदर खोचत होती. पद्धतीच्या चौकटीपाशी आलो आणि माझ्या हातानं टाइपरायटर निवडलं. सवयीनं निवडलं, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिलो. तेवढ्यापुरतं ते खरंही असेल. पण शेवटचं पान आलं, मी नेहमीसारखा मोठ्यानं वाचायला लागलो, ती नेहमीच्या गिऱ्हाइकासारखी व्हय व्हय करत राहिली. ती ओळ आली. ती मी पाहिली. आणि वाचली नाही. खालची ओळ वाचली आणि बटन दाबून टाकलं.

दुरुस्तीसाठी तीन दिवस होते. पहिल्या दिवशी मी दुकान उघडल्याबरोबर तिचा फॉर्म काढला, दुरुस्तीच्या बटनावर बाण नेला, तेवढ्यात कुणीतरी प्रिंट मागितली. ती देऊन आल्यावर मी पान बंद करून टाकलं. दुसऱ्या दिवशी मी तो उघडलाच नाही. तिसऱ्या दिवशी ती दुकानात माझ्यासमोर बसून कुणाचं तरी प्रतिज्ञापत्र करत होती, मांडी घालून, खाली न बघता, खिडकीतून रस्त्यावरच्या शेळ्या बघत. बोटं आपली चाललीच होती. मला वाटलं, हिला सगळंच का मिळावं? लेखीत पुढे, गिऱ्हाइकांत पुढे, पाठ दुखत नाही. आणि मी पाच वाजेपर्यंत दुसरंच काम करत राहिलो. पाचला मुदत संपली.

हॉलतिकीट आलं तेव्हा तिनंच ते छापलं. कागद हातात धरून बराच वेळ वाचत राहिली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, पद्धत तुमची पडली काय. मी म्हणालो, हाताच्या सवयीनं झालं असेल, आता काय करायचं? मला वाटलं रडेल, ओरडेल, निदान माहेरी फोन करेल. तिनं हॉलतिकीट घडी करून पोथीत ठेवलं आणि म्हणाली, चाचणीला दोन-अडीच महिने आहेत, मला तुमची पद्धत शिकवा.

शिकवण्यावाचून सुटका नव्हती. सरांसारखा मी तिच्या हातांवर पंचा टाकला. मी एकेक ओळ बोलायचो आणि ती पंच्याखाली चाचपडायची. वेलांटी आधी, वेलांटी आधी, हे मी इतक्यांदा म्हणालो की शेजारचा झेरॉक्सवालाही ते म्हणायला लागला. पहिला महिना तिचे हाल झाले. जुनं घर मोडल्याशिवाय नवं बसत नव्हतं, आणि मोडताना तिची आधीची गतीही गेली. दुकानात गिऱ्हाईक पुन्हा माझ्याकडे वळलं. तिला अडखळताना बघून मला आत कुठेतरी गार वाटायचं आणि त्याच वेळी तिच्या ताटात मी दुधाची साय जास्त वाढायचो. दोन्ही खरं होतं.

दुसऱ्या महिन्यात एका सकाळी मी नेहमीसारखा मजकूर बोलत होतो आणि लक्षात आलं की मला दम घेता येत नाहीये. मी बोलत होतो त्याच्या मागे-मागे तिची बोटं नव्हती, बरोबर होती. मी मुद्दाम वेग वाढवला. तीही आली. पंचा जागच्या जागी हलत होता, खाली दोन मांजरं झोपेत कूस बदलत असावीत एवढंच. माझी वीस वर्षांची पद्धत, करंगळीसकट, तिनं दोन महिन्यांत घेतली. मी म्हणालो, आज एवढं पुरे, माझा घसा बसला.

चाचणीला स्वतःचा कीबोर्ड न्यायला परवानगी होती. आमच्याकडची बरीच पोरं नेतात. एसटीत मांडीवर कीबोर्ड धरून बसलेलं पोरगं दिसलं की ओळखावं कुठे चाललंय. मी माझा टॉवेलात गुंडाळला, तिनं तिचा जुन्या साडीच्या तुकड्यात. केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात होतं. रस्त्यात देवगाव फाट्यावर गाडी थांबली तेव्हा तिनं माझी बधिर करंगळी हातात घेऊन चोळली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

आम्हाला एकाच हॉलमध्ये जागा मिळाली, ती माझ्यापुढे दोन रांगा सोडून. तिथे खुर्चीवर मांडी घालायची सोय नव्हती, तरी तिनं चप्पल काढून एक पाय वर घेतलेला मला दिसला. घंटा झाली आणि शंभरेक कीबोर्ड एकदम वाजायला लागले. एवढ्या गोंगाटात मऊ बटनांचा आवाज ऐकू येणं शक्य नाही, पण मला तो येत होता. ती अडली की मला कळत होतं, सुटली की कळत होतं. मधेच मी खाली पाहिलं तर माझा परिच्छेद अर्ध्यावरच होता. मग मी मशीनसारखा हाणायला लागलो आणि चुकांची नुसती रास पडली.

निकालात तिचं नाव होतं. माझं नव्हतं.

लोक वाईट नसतात, पण विचारतात. चहाच्या गाड्यावर, तहसीलच्या पायऱ्यांवर, दुकानात. वैनी लागल्या म्हणे, आणि तुमचं? पहिल्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं की तिला टायपिंग मीच शिकवलं, माझ्या पद्धतीनं पास झाली ती. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एकदम आदर आला. मग मला ते औषधासारखं लागू पडलं. जो भेटेल त्याला मी सांगायला लागलो. पंच्याची गोष्ट, वेलांटीची गोष्ट, दोन महिने घसा फोडला त्याची गोष्ट. म्हातारबाबासुद्धा म्हणाले, गुरू तसा चेला. ती रोज परभणीला कचेरीत जायला लागली आणि मी इकडे गुरू म्हणून मिरवायला लागलो.

सहाएक महिने असे गेले. एका रविवारी तिला नोकरीचाच कसलासा ऑनलाइन फॉर्म भरायचा होता. मी सवयीनं खुर्ची ओढून बसलो, जाड कीबोर्ड पुढे घेतला. ती म्हणाली, राहू द्या, मी भरते. म्हटलं, मी भरतो की, तू सांग फक्त. ती म्हणाली, नको. आता हे मला लागलं. वीस वर्षांचा धंदा, आणि घरचंच माणूस नको म्हणतं. मी फणकाऱ्यानं म्हणालो, आजवर एक तरी फॉर्म चुकलाय का माझ्या हातून?

बोलून गेलो आणि जीभ चावली. ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मला वाटलं तिला आता कळेल. तिला कळायचं काही बाकी नव्हतं.

"तुमी सगळं वाचून दाखवलाव," ती म्हणाली. "तेवढी एकच ओळ गाळलाव. मी मागंच हुबी व्हते."

मी विचारलं की मग तेव्हाच का नाही बोललीस, तीन दिवस हातात होते.

"तीन दिवस वाट बगितली की. आज सांगताल, उद्या सांगताल."

पण दुरुस्ती तर तिला स्वतःलाही करता आली असती. पासवर्ड तिच्याकडे होता, बटन कुठे असतं ते तिला माहीत होतं. मी तेही विचारलं. दुसऱ्याला गुन्हेगार ठरवायची घाई बघा.

ती खुर्चीवर बसली, उशी मांडीवर घेतली. रागावलेली नव्हती, तेच जड जात होतं.

"माझ्या पद्धतीनं पास झाले असते अन् तुमी राहिले असताव, तर या घरात कसं राहायचं मी? तुमची पद्धत असली तर तुमाला म्हणता तरी येतंय, मीच शिकवलं."

मग तिनं चपटा कीबोर्ड उशीवर ठेवला, दोन बटनं दाबून आपली इनस्क्रिप्ट लावली आणि फॉर्म भरायला लागली. ती मोडलेली गती तिनं कचेरीत कधीच परत जोडली होती. मी शेजारी उभा होतो. सहा महिने गावभर जे मिरवत फिरलो तेही तिनंच दिलेलं होतं, आणि देताना मला कळूही दिलं नव्हतं.

आता कुणी विचारलं तर मी सांगतो, मी काही शिकवलं नाही, तिला आधीपासूनच येत होतं. लोकांना वाटतं मी मोठ्या मनाचा आहे. मी वाक्य पूर्ण करतो आणि पोटात तसंच दुखतं.